रायफल कोणती? त्याआधी, कशासाठी?

इंदूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. माहेर निपाणीचे, सासर इंदूरचे. घरात मराठी, माहेरचा फोन आला की निम्मे बोलणे कानडीत, असा आपल्याकडच्या अनेक घरांसारखाच त्यांचाही संसार. त्यांच्या बहात्तर वर्षांच्या सासऱ्यांकडे ३१५ बोरची परवान्याची रायफल आहे. दसऱ्याला ती कपाटातून बाहेर निघते, तिला हळदकुंकू लागते आणि पुन्हा वर्षभर कुलपात जाते.

आता या रायफलीवरून घरात तीन मते झाली आहेत. सतरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर परदेशी शिकाऱ्यांची चित्रफीत पाहतो आणि म्हणतो, आजोबांची जुनी देऊन टाकू. स्वस्तातली पण सगळ्या कामाला चालेल अशी एक नवी शिकारी रायफल घेऊ. खानापूर तालुक्यातला भाऊ म्हणतो, अक्का, रानडुकरांनी रताळ्याचे रान उकरून टाकले, ती रायफल इकडे पाठव. मामंजी म्हणतात, मी आहे तोवर ती या घरातून हलणार नाही. ताई विचारतात, "यांतले कोणाचे ऐकू? आणि घ्यायचीच झाली तर कोणत्या बोरची घ्यावी?"

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. तो सुटला की पहिला बराचसा आपोआप सुटतो.

तुमचा मुलगा जे ऐकतो ते त्या देशापुरते खोटे नाही. अमेरिकेत एकच रायफल घेऊ इच्छिणाऱ्याला बहुधा ३०-०६, ३०८ किंवा २७० यांपैकी एखादी सुचवतात. तिथले हिशेब तीन असतात: लहान हरणापासून मोठ्या जनावरापर्यंत गोळी पुरेशी ठरावी, काडतूस गावातल्या दुकानात मिळावे आणि खांद्याला बसणारा धक्का सोसवावा. तिथे शिकारीचा हंगाम ठरलेला असतो, परवाना काढून ठरावीक जनावर मारता येते. त्यामुळे 'कोणते जनावर, किती अंतरावर' असा प्रश्न विचारून बोर ठरवता येतो.

आपल्याकडे हा पायाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. कायद्यात 'शिकार' म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. सापळा लावणे, पाठलाग करणे, तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. म्हणजे छंद म्हणून शिकारीला रायफल घेण्याचा मार्ग भारतात उरलेलाच नाही. मुलाला हे रागावून नको, नीट समजावून सांगा.

एक गंमत मात्र त्याला जरूर सांगा. आपल्या देशात बोर ठरवताना जनावरापेक्षा सरकारचेच जास्त चालले आहे. मामंजींच्या रायफलीचा ३१५ हा आकडाच पाहा. इंग्रजी फौजेची रायफल थ्री-नॉट-थ्री. तिचे काडतूस सामान्य लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून लष्करी बोरच्या बंदुका लोकांना मना होत्या. मग कारखानदारांनी तशाच घडणीची, पण वेगळ्या बोरची रायफल हिंदुस्थानच्या बाजारासाठी काढली, तीच ३१५. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅन्लिखर काडतुसाच्या जातीचे. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ही रायफल बनवली आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीत होऊ लागली. १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० बोरवरही अशीच बंदी घातली, तेव्हा विलायती कंपन्यांनी ४६५ आणि ४७० हे नवे बोर काढले. आजही थ्री-नॉट-थ्री किंवा फौजेचे ७.६२ असे बोर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. तेव्हा परदेशी चित्रफितीतली यादी घेऊन इथल्या दुकानात गेलात, तर निम्मी नावे तिथेच गळतात. देशी माल, त्यातल्या त्यात परवडणारा आणि काडतूस मिळण्याची शक्यता बरी, असा विचार केला तर 'सगळ्या कामाची रायफल' म्हणून इथे ३१५ चेच नाव येते. ती तर तुमच्या कपाटात आहेच!

मोठा बोर म्हणजे मोठा शिकारी, ही समजूतही काढून टाकायला हवी. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली मारला तो २७५ च्या हलक्या रायफलीने. बंगळूरच्या केनेथ अँडरसनकडे ४०५ ची विंचेस्टर असे. दोघांची हत्यारे वेगळी, पण दोघांचाही भरवसा वाट पाहण्यावर, माग काढण्यावर आणि स्वतःच्या सरावातल्या एका रायफलीवर. अँडरसनच्या गोष्टी पूर्णचंद्र तेजस्वींनी 'काडिन कतेगळु' म्हणून कन्नडात आणल्या आहेत. मुलाला कानडी वाचता येत नसेल, तर त्याला आजोळी पाठवा आणि मामाकडून वाचून घ्यायला सांगा. सुटीही सार्थकी लागेल आणि भाषाही कानावर पडेल.

भावाच्या रताळ्याच्या रानाचे काय?

हा प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे. खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यात राहणाऱ्याला रानडुक्कर म्हणजे काडुहंदी आणि गवा म्हणजे काडुकोण काय करतो हे सांगावे लागत नाही. एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. म्हणून भावाच्या मागणीला 'कायदा मोडू नको' एवढेच उत्तर पुरणार नाही.

पहिली गोष्ट, मामंजींची रायफल तो वापरू शकत नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्याखेरीज दुसऱ्याने हत्यार बाळगणे हा गुन्हा आहे. लेखी अधिकारपत्र देऊन दुसऱ्याच्या हाती हत्यार देता येते, पण ते दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी. परवाना किती क्षेत्रापुरता आहे, हेही त्यावर लिहिलेले असते. मध्य प्रदेशातून कर्नाटकात रायफल 'पाठवणे' म्हणजे मामंजी आणि भाऊ दोघांनाही पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावणे होय.

दुसरी गोष्ट, पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबत कायद्यात वाट आहे. कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो, आणि उभे पीक हीसुद्धा मालमत्ता धरली जाते. पण परवानगी आधी, गोळी नंतर. आणि परवानगीने मारलेले जनावरही सरकारचे असते; त्याचा वाटा घरी नेता येत नाही. हे अनेकांना ठाऊक नसते आणि मग मटणापायी कज्जा होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. रायफलीची गोळी डुकराला लागली नाही तर बांधावर थांबत नाही. ३१५ ची जड गोळी पुढच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते. अंधारात, उसाच्या फडात, हललेल्या पाल्यावर बार काढायचा आणि पलीकडे माणूस निघायचा, अशा बातम्या आपण वाचतोच. हलक्या पॉइंट टू टू ने मारावे, तर डुक्कर मरत नाही, जखमी होते आणि सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर येते. म्हणून भावाला सांगा: नुकसान दिसताच फोटो काढून वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा पाठपुरावा करा आणि पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून कुंपणाचा विचार करा. विजेची तार थेट सोडणे मात्र कदापि नको. त्यात डुकराआधी शेजारी मरतो.

कुणी म्हणेल, कोडगूची माणसे तर बिनपरवान्याची कोवी बाळगतात! बरोबर आहे. कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. त्यांच्या कैलपोळ्द सणाला कोवीची पूजा होते. पण ती सूट हत्यार बाळगण्याची आहे, शिकारीची नव्हे. बेटे म्हणजे शिकार तिथेही बंदच आहे.

मामंजींची रायफल

मामंजींचा हट्ट मी समजू शकते. त्या लाकडी दस्त्यावर त्यांच्या तरुणपणाचा हात फिरला आहे. पण हट्ट धरायचा तर कागद नीट हवेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर तो हयातीतच वारसाच्या नावे परवान्याची प्रक्रिया सुरू करू शकतो. मामंजी बहात्तर वर्षांचे आहेत, म्हणजे वाट मोकळी आहे. वारस म्हणजे केवळ मुलगा नव्हे, मुलगीही. वय मात्र एकवीस पूर्ण हवे, म्हणून नातवाचे नाव आज लागणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. मामंजींचा परवाना कधी संपतो ते आजच पाहा.

हे सगळे 'नंतर बघू' म्हणून राहिले आणि घरातला माणूस गेला, तर दुःखाच्या दिवसांतच ती रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. तेराव्याच्या गडबडीत हे कोणाला सुचत नाही, आणि बिनपरवान्याचे हत्यार घरात राहते. म्हणून मामंजींसमोर हा विषय 'तुमच्यानंतर' असा नको, 'तुमच्या हाताने' असा काढा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत त्यांना स्वतः घेऊन जा. कोणाला द्यायची हे त्यांनी ठरवले, की रायफल हलणार नाही हा त्यांचा शब्दही राहतो. कोणालाच नको असेल, तर रीतसर परवानाधारक विक्रेत्याकडे देणे यातही कमीपणा नाही.

आणि मुलगा?

त्याची आवड दाबू नका, तिला दिशा द्या. तो राहतो तिथून महू किती जवळ! १९९३ साली सुरू झालेले सैन्याचे नेमबाजी पथक महूलाच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार त्याच पथकातला. इंदूरशेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, हे दोघे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अखिल शेरॉनसह ५० मीटर रायफलीच्या सुवर्णविजेत्या संघात होते. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये स्वप्नीलने कांस्यपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातले दाजीपूर एकेकाळी कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते. १९५८ साली तिथे गव्यांचे अभयारण्य झाले. तुमच्या इंदूरजवळ होळकरांचे शिकारगाह असलेली रालामंडलची टेकडीही १९८९ पासून अभयारण्य आहे. रायफलीची विद्या त्याने बुडाली नाही, ती रानातून रेंजवर आली.

तेव्हा 'परवडणारी, सगळ्या कामाची' रायफल हवी असेल, तर ती म्हणजे ४.५ मिलिमीटरची, म्हणजे १७७ बोरची एअर रायफल. वीस ज्यूलपर्यंतच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. पण लगेच विकत घेऊ नका. आधी तीन-चार महिने क्लबच्या रायफलीवर शिकू द्या. दस्ता खांद्याला लावल्यावर गाल सहज टेकतो का, हात न ताणता चापापर्यंत बोट जाते का, वजन पेलते का, हे तिथेच कळते. सगळे पैसे रायफलीत घालू नका; छर्रे आणि शिकवणी यांसाठीच पुढे खर्च येतो. महागडी दुर्बीण तर सुरुवातीला नकोच.

घरी आणल्यावर नियम ३१५ चेच: नळी माणसाकडे कधीही नको, बोट चापावर शेवटी, रायफल एका कुलपात आणि छर्रे दुसऱ्या. गच्चीवरून पाखरांवर नेम धरणे हीसुद्धा शिकारच आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

तात्पर्य ताई, कोणाचे ऐकायचे? प्रत्येकाचे थोडे. मामंजींचे ऐका आणि त्यांच्या हयातीतच कागद पुरे करा. भावाचे ऐका आणि त्याला रायफलीऐवजी अर्ज लिहायला मदत करा. कानडीतला अर्ज तुम्ही फोनवरूनही सांगू शकाल. मुलाचे ऐका आणि त्याला रेंजवर न्या, पहिल्या दिवशी आजोबांनाही सोबत घ्या. नेम कसा धरावा, हे शिकवायला त्यांना रान लागणार नाही.