रतीब लावणं सोपं, बंद करणं अवघड

दुधाचा रतीब आपल्याला नवा नाही. शब्दही अरबी ‘रातिब’वरूनच आलेला. धाराशिव, कळंब, भूमच्या कुठल्याही मोहल्ल्यात दूधवाल्याला ‘उद्यापासून नको’ म्हटलं की विषय मिटतो. तोच रतीब आता मोबाइलवर आलाय. दूध, भाजी, बाळाचे डायपर ठरल्या दिवशी घरपोच, आणि पैसे खात्यातून आपोआप कट.

अशा कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर लागतो. आपली शिकलेली मुलं-मुली पुण्या-मुंबईत या नोकरीकडे वळतायत. ग्राहक कुठे अडतो, का सोडून जातो, हे आकड्यांवरून ओळखायचं आणि ॲपमध्ये काय बदलायचं ते ठरवायचं, असं हे काम. ‘बंद करा’चं बटण कुठं ठेवायचं, हाही प्रश्न त्याच्यासमोर येतो. बटण लपवलं की त्या महिन्याचा आकडा छान दिसतो. गोम इथेच आहे.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना सांगतो, ही नोकरी जरूर करा, पण या बटणाबद्दल बैठकीत तोंड उघडा. आता नियमही तुमच्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ प्रकारच्या ‘डार्क पॅटर्न’ना मनाई केली, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे.

घरच्यांसाठी एवढंच: पैसे कटण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण इंग्रजी मेसेज अम्मी वाचणार कशा? त्यांच्या यूपीआय ॲपमधलं ‘ऑटोपे’ एकदा उघडून बघा. नको ते तिथूनच बंद करता येतं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.