म्हाताऱ्या माणसांची हजेरी कोण घेणार?

खोत हा शब्द ऐकला की कोकणातल्या जुन्या कुळाच्या कपाळाला आजही आठी पडते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आठवण मात्र गेली नाही. पण मुंबईत, गिरगावात, याच नावाची एक वाडी अजून उभी आहे. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ती खोताची वाडी. जगन्नाथ शंकरशेठ रस्त्याची गर्दी सोडून आत वळले की एकदम गावात आल्यासारखे वाटते. अरुंद गल्ली, लाकडी कठड्याच्या माड्या, बाहेरून चढणारे जिने आणि गल्लीकडे तोंड केलेले ओटे. एके काळी इथे पासष्टएक घरे होती, आता जुनी घरे तिसाच्या आत आली आहेत. १९९५ साली वाडी मुंबईच्या वारसा यादीत गेली म्हणून एवढी तरी राहिली.

शेतीवाडीच्या पानावर गिरगाव कशाला, असे तुम्ही म्हणाल. सांगतो. त्या वाडीतला ओटा बघा. सकाळी म्हातारा माणूस पेपर घेऊन त्यावर येऊन बसतो. जाणारा-येणारा 'काय, बरं आहे ना?' म्हणून पुढे जातो. एखादे दिवशी दहा वाजले तरी ओटा रिकामा दिसला, तर शेजारचे कोणीतरी कडी वाजवते. त्याला कोणी योजना म्हटले नाही की अनुदान दिले नाही. पण म्हातारपणी माणसाला जे लागते त्यातले निम्मे त्या ओट्यावर मिळते. आपण आहोत की नाही, हे रोज कोणीतरी बघणे.

आपल्या गावातही हे होते. पार होता, देवळाची पडवी होती, वाण्याच्या दुकानापुढचे बाकडे होते. ती जागा आजही आहे, माणसे नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ साली १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही एकोणीस हजारांनी घट झाली. देश वाढतो आहे आणि आपण घटतो आहोत. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. याचा अर्थ उघड आहे, कमावता पुरुष मुंबईला आणि घरात आई, आजी, चुलती. त्यानंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही, पण चित्र सुधारलेले नाही हे कळायला आकडे कशाला हवेत? संध्याकाळी वाडीतून चालत जा आणि किती घरांत दिवा लागतो ते मोजा.

आधी आपले बाप-आजे गिरगाव, परळ, लालबागच्या चाळीत गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहिले आणि मनीऑर्डरवर इथली चूल पेटती ठेवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यात हजारो जण कायमचे परत आले. आता त्यांचीही वये झाली. पोरे विरार, नालासोपारा, डोंबिवलीला. शिमग्याला आणि गणपतीला घर भरते. विसर्जन झाले की एसटी भरून जाते आणि मागे राहतात दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा. चाळीत एका खोलीत पंधरा माणसांत आयुष्य काढलेल्या माणसाला आठ खणांच्या घरात एकटे झोपायला लागते, हे सोपे नाही.

शहरांत यावर विरंगुळा केंद्रे निघाली आहेत. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांची फेस्कॉम नावाची राज्य पातळीवरची संघटना आहे. केरळात ग्रामपंचायती 'पकल वीडू' म्हणजे दिवसाचे घर चालवतात. म्हातारी माणसे सकाळी येतात, जेवतात, बोलतात आणि संध्याकाळी आपल्या घरी जातात. हा वृद्धाश्रम नव्हे, हे नीट लक्षात घ्या. वृद्धाश्रम म्हटले की आपल्याकडे पोराची मान खाली जाते आणि बोलणेच बंद होते. विरंगुळा केंद्रात कोणी कोणाला टाकत नाही.

आता सरपंच मंडळी म्हणतील, केंद्र म्हणजे इमारत, इमारत म्हणजे निधी आणि निधी म्हणजे आमदारसाहेबांकडे खेपा. तिथेच गाडी अडते. अहो, इमारती पडून आहेत! पट घटल्याने बंद पडलेल्या शाळांच्या खोल्या आहेत. त्या जिल्हा परिषदेच्या, तेव्हा रीतसर पत्र देऊन मागाव्या लागतील. समाजमंदिर आहे, ते वर्षातून दोन सभांना आणि एका लग्नाला उघडते. अंगणवाडी दुपारनंतर मोकळी असते.

आणखी एक. आपली गावे घाटावरच्यासारखी एका जागी नसतात. एक वाडी डोंगराच्या अंगावर, दुसरी वहाळापलीकडे. ग्रामपंचायतीजवळ एक केंद्र काढले तर वरच्या वाडीतली गुडघे धरलेली आजी तिथवर येणार कशी? म्हणून केंद्र गावाचे नको, वाडीचे हवे. दहा माणसे आली तरी पुष्कळ. लागते काय? पाठ टेकायला येईल अशा खुर्च्या, कारण सतरंजीवर बसलेल्याला पुन्हा उठता येत नाही. पायरी असेल तर बाजूला पाईपचा कठडा. आणि बसता येईल असा कमोड. हा तिसरा विषय सभेत निघाला की लोक हसतात. पण घरातून निघताना म्हातारे माणूस पहिला विचार याचाच करते. ती सोय नसली की दुसऱ्या दिवशी ते येत नाही, आणि का येत नाही ते सांगतही नाही.

पत्ते, कॅरम, पेपर, भजन हे होईलच. मात्र नुसते पत्ते ठेवलेत तर पुरुषांचा अड्डा होईल आणि बायका दारातूनच परत जातील. आपल्याकडे बायकाच जास्त, हे वर सांगितले. त्यांना हाताला काही लागते. वाती वळणे, कोकम फोडणे, पावट्याचे बी निवडणे, काहीही. ज्या बाईने साठ वर्षे भात लावले तिला 'आता आराम कर' म्हणणे म्हणजे तिची नोकरी काढून घेण्यासारखे आहे. कोणते बियाणे कुठल्या कुणग्यात चालते हे तिला विचारा, तरुण पोराने वहीत लिहून घ्यावे. कृषी सहायकांनीही एक दिवस यावे, त्यांचाही फायदाच होईल.

आरोग्याचे काम तर सोपे आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस रक्तदाब आणि साखर बघायची. कोणाची गोळी संपली, कोणाच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, हे घरोघर फिरून शोधण्यापेक्षा एका जागी कळते. कागदाचेही तसेच. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये आता थेट खात्यात येतात, पण हयातीचा दाखला राहिला किंवा आधार जोडलेले नसले की पैसे थांबतात. नांगर धरून बोटांच्या रेषा गेलेल्या म्हाताऱ्याचा ठसा रेशनच्या मशीनवर उमटत नाही. आपण जिवंत आहोत हे त्याने तहसीलला जाऊन सिद्ध करायचे! २०२२ पासून ७५ च्या पुढे एसटी फुकट आहे हे खरे, पण फाट्यापर्यंत दोन मैल चालायचे त्याचे काय? तलाठी आणि ग्रामसेवक (सरकारने दोघांची नावे बदलली आहेत, गावाच्या तोंडी जुनीच आहेत) महिन्यातून एकदा केंद्रावर आले, तर निम्म्या खेपा वाचतील.

एक गोष्ट मात्र केंद्राच्या हातची नाही. पोराच्या नावावर जमीन करून दिली आणि पोराने मग विचारले नाही, अशा तक्रारी तुम्हालाही ठाऊक आहेत. २००७ च्या कायद्याने अशा आई-बापाला प्रांताधिकाऱ्यांकडे नुसत्या अर्जावर दाद मागता येते, वकील लागत नाही. बक्षीसपत्र करताना 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असे लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर ते रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसली तर भांडण लांबते. लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस ठराव केला की जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातले ३० टक्के कापून आई-वडिलांच्या खात्यात भरायचे, आणि पुढे कापलेही. आमच्या मते प्रत्येक जिल्हा परिषदेने हे करावे. पण ते पगारदारापुरते झाले. ज्याचा पोरगा विरारला रिक्षा चालवतो आणि स्वतःच हप्त्यांत बुडाला आहे, त्याच्यावर कसला ठराव करणार? पोरगा वाईट नाही, फक्त लांब आहे. आपल्याकडचे खरे दुखणे हेच आहे.

म्हणून केंद्रात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे शंभर पानी वही. रोज कोण आले त्याची हजेरी त्यात घ्यायची. जो आला नाही त्याच्या घरी जेवणाच्या वेळेआधी कोणीतरी जायचे. आशाताई जातील, बचत गटातली बाई जाईल, शाळेतून येणारे पोर जाईल. पावसात न्हाणीघरात पाय घसरून पडलेले माणूस दोन दिवस तसेच पडून राहिले, अशी बातमी छापायची पाळी कोणत्याही वार्ताहरावर येऊ नये. मुंबईच्या लेकाला संध्याकाळी एक फोन गेला, 'आई आज आली होती, चहा दोनदा घेतला', तर तोही झोपेल. गावच्या मुंबई मंडळांनी देवळाचे कळस पुष्कळ बांधले. या वहीचा आणि चहाचा वर्षाचा खर्च त्यांना जड नाही.

ग्रामपंचायतीने आपल्या वाट्याचे गाव विकास आराखड्यात घालावे. दिव्यांगांसाठी राखायचा पाच टक्के निधी बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये घाईने खर्च होतो. दिव्यांग दाखला असलेले किती म्हातारे वाडीत आहेत ते आधी बघितले, तर कठडा आणि कमोड त्यातून बसतील.

१ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. बहुतेक गावांत २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तेव्हा सभेची नोटीस लागण्याआधी हा विषय लेखी द्या, आयत्या वेळच्या विषयांत ढकलू देऊ नका. कोणती खोली, किती वाजता उघडणार, वही कोण लिहिणार, हे त्याच सभेत ठरवून इतिवृत्तात घ्या. आणि चावी कोणाकडे, तेही. समाजमंदिराची चावी पुण्याला गेलेल्या माजी सदस्याकडे राहिली, अशी गावे आम्हाला ठाऊक आहेत.