मुहूर्ताची सनई : प्रत्यक्ष की ध्वनिमुद्रित?

घरात लग्न ठरले की याद्या तयार होऊ लागतात. कार्यालय, भोजन, दागिने, कपडे, पत्रिका, फुलांची सजावट, छायाचित्रे असा प्रवास करीत गाडी संगीतापर्यंत पोहोचते, तोवर अंदाजपत्रकातील शिल्लक संपत आलेली असते आणि मंडळीही थकलेली असतात. मग कोणीतरी म्हणते, "सनईचे काय एवढे? मोबाईलवर लावू." गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी हे वाक्य आमच्याही घरात उच्चारले गेले, आणि ते उच्चारणारा मीच होतो. पुढे माझे मत बदलले. ते का बदलले, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे मूळ गाव सोलापूर. नोकरीनिमित्त मी बंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात राहतो. तलावाच्या परिसरापासून आउटर रिंग रोडपर्यंत उभ्या राहिलेल्या येथील गृहसंकुलांत पुणे, नागपूर, बेळगाव येथून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. बहीण आणि होणारे मेहुणे दोघेही येथेच नोकरीला असल्याने कार्यही येथेच करावयाचे ठरले. बाबांची अट एकच होती : मुहूर्ताला वाद्ये हवीत, आणि ती वाजविणारी माणसे डोळ्यांसमोर हवीत. त्यावर बहीण म्हणाली, "बाबा, बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई लावली, तर त्याहून चांगले कोण वाजविणार आहे?"

प्रश्न बिनतोड होता. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) यांना २००१ साली भारतरत्न किताब मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची सनई तबकड्यांच्या आणि आकाशवाणीच्या द्वारे देशभरातील लग्नमंडपांत पोहोचली होती. आमच्या कानडी शेजाऱ्यांनाही ती परकी नाही. १९७७ सालच्या 'सनादि अप्पण्णा' या चित्रपटात डॉ. राजकुमार यांनी सनईवादकाची भूमिका केली, तेव्हा पडद्यामागे सूर होते ते खाँसाहेबांचेच.

ध्वनिमुद्रित संगीत ही आजच्या मोबाईलची देणगी आहे, असेही नाही. १९०२ साली कोलकात्यात भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे झाली. पुढे लग्नघरावर कर्णा बांधून रेकॉर्डी लावणे हे खेडोपाडी प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. त्यानंतर कॅसेट आली, सीडी आली आणि आता तर मंगलाष्टकांसह सगळे कार्य एका मोबाईलमध्ये मावते. खर्च नाममात्र, कलावंत अव्वल दर्जाचे, आणि वादक वेळेवर येतील की नाही ही धाकधूक नाही. कायद्याचाही अडसर नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातील संगीताला सूट दिलेली असून, विवाहाची मिरवणूक आणि विवाहाशी निगडित इतर समारंभ तिच्यात मोडतात. केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून याची पुन्हा आठवण करून दिली. तेव्हा ध्वनिमुद्रित संगीताची बाजू दुबळी आहे असे कोणीही समजू नये.

मग माझे मत डळमळले कशाने? आमच्या कार्यापूर्वी दोन महिने याच भागात एका परिचितांकडे लग्न होते. मंगलाष्टके मोबाईलवर होती. नवरी मुलगी रिंग रोडवरील वाहनांच्या गर्दीत अडकली आणि मुहूर्त जवळ येऊन ठेपला. भटजींनी घाई करून अंतरपाट धरविला. मंगलाष्टके सुरू झाली. तिसऱ्या कडव्यानंतर सूर थांबले आणि ध्वनिक्षेपकावरून एका कर्जाची जाहिरात खणखणीत आवाजात ऐकू आली. मंडपात हशा पिकला. बँकेत नोकरी करतो म्हणून काही जणांनी माझ्याकडेही पाहिले! जाहिरात संपून मंगलाष्टके पुन्हा लागली, ती आता संपतच ना. भटजी हाताने खुणा करीत होते, मुलीचे वडील मोबाईल हाताळणाऱ्या भाच्याला शोधीत होते, आणि अक्षता टाकाव्यात की नाही या संभ्रमात पाहुणे उभे होते. हसू ओसरल्यावर मला त्या वडिलांचा चेहरा दिसला. ज्या क्षणासाठी त्यांनी वर्षभर खटाटोप केला होता, त्या क्षणी ते लेकीकडे पाहत नव्हते.

दोष यंत्राचा नव्हता. जाहिरात टाळता येते, गाणे आधीच उतरवून ठेवता येते. मात्र त्या प्रसंगाने मला एक गोष्ट लख्ख दाखविली. विवाहसमारंभातील संगीत दोन प्रकारचे असते. एक वातावरणासाठी वाजते. पाहुणे येतात, बसतात, जेवतात, तेव्हा ते मागे चालू असते. दुसरे विधीचाच भाग असते. अंतरपाट दूर होतो आणि अक्षता पडतात, त्या क्षणाची घोषणा वाद्ये करतात. पहिल्या प्रकारात फक्त ऐकविणे असते, तर दुसऱ्यात ऐकणेही असते. भटजींचा स्वर कोठे आला, मामा मुलीला घेऊन पोहोचला की नाही, माळा हातात आहेत की नाहीत, हे सारे पाहून वादक थांबतो किंवा सुरू करतो. आपल्या मंगलाष्टकांच्या एका प्रचलित चरणात तर वाजंत्र्यांना फार गलबला करू नका अशी चक्क विनंती आहे. ही विनंती ऐकण्यासाठी समोर कोणीतरी असावयास हवे, हे रचनाकाराने गृहीतच धरले होते.

मंगलाष्टकांचेही तसेच. ती बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात, चरणाला एकोणीस अक्षरे घेऊन चालतात. हे वृत्त सांभाळीत दोन्ही कुळांची, आजी-आजोबांची, वधूवरांची नावे गुंफून नवी मंगलाष्टके रचण्याची हौस मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्रा कोठे तरी सांडते, यमक ओढूनताणून जुळते, आणि गाणाऱ्या आत्याबाईंचा स्वरही थोडा चढा लागतो. तरी त्या आठ कडव्यांत आपल्या घराचे नाव असते. बाजारातील उत्कृष्ट ध्वनिमुद्रणात सगळे काही असेल, पण आपले नाव असणार नाही.

घरी मी हे बोलून दाखविले, तेव्हा वाटले की बाबा खूश होतील. त्यांनी मात्र वेगळेच सांगितले. "समोर माणसे हवीत म्हणतो, त्याचे कारण निराळे आहे," ते म्हणाले. "आमच्या लहानपणी लग्नात सनईवाले मंडपाच्या बाहेर बसत. सकाळपासून वाजवीत, आणि त्यांची पंगत सर्वांत शेवटी, उरलेल्या अन्नाची. आपल्याच घरच्या लग्नात मी ते पाहिले आहे. एकदा तरी ते उलटे करावे, एवढीच इच्छा."

या बोलण्याने मी अंतर्मुख झालो. प्रत्यक्ष वादनाच्या परंपरेचे आपण गोडवे गातो, परंतु ती परंपरा ज्यांनी सांभाळली त्या होलार, मांग, घडशी, गुरव आदी समाजांतील वादकांना आपल्या पूर्वजांनी कसे वागविले, हे सोयीस्करपणे विसरतो. ज्याच्या सुरावाचून मुहूर्त साजरा होत नसे, त्याला मंडपात जागा नसे. तेव्हा 'जुने ते सोने' एवढ्यावर हा विषय संपत नाही. प्रत्यक्ष संगीत हवे असेल, तर ते वाजविणाऱ्या माणसाची प्रतिष्ठाही त्याबरोबर यावयास हवी.

सोलापूर भागात वादकांची वाण नाही. सनईहून लहान असे 'सुंदरी' हे वाद्य तर सोलापूरच्या जाधव घराण्याने देशभर पोहोचविले. परंतु चार-पाच जणांचा प्रवास आणि मुक्काम आमच्या आवाक्याबाहेर गेला. अखेर येथीलच एक ओलग संच ठरविला : दोन नागस्वरे, तविल आणि श्रुतिपेटी. त्यांचे प्रमुख आदल्या दिवशी कार्यालय पाहून गेले. माझी कानडी मोडकीतोडकी. तरी त्यांनी नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारला : "सार, तुमच्यात गट्टिमेळ कधी?" कर्नाटकातील विवाहात मंगळसूत्र बांधताना पुरोहित बोटाने इशारा करतात आणि सर्व वाद्ये एकदम जोराने वाजतात, त्याला गट्टिमेळ म्हणतात. आमच्याकडे तो क्षण शेवटच्या 'सावधान'नंतर अंतरपाट दूर होतो तेव्हाचा, हे समजल्यावर त्यांनी भटजींशी खूण ठरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी आत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हटली. पाचव्या कडव्यात आजीचे नाव आले आणि आत्याचा कंठ दाटला. ती थांबली. मागे श्रुतिपेटीचा षड्ज तेवढा चालू होता. कोणी घाई केली नाही. अर्ध्या मिनिटाने तिने त्याच सुरावर पुढचे कडवे उचलले. शेवटचे 'सावधान' झाले, भटजींनी मान हलविली, अंतरपाट बाजूला झाला आणि नागस्वर आणि तविल एकदम दणाणले. त्या वेळी मी मोबाईल शोधीत नव्हतो. बहिणीकडे पाहत होतो. वादकांची पाने बाबांनी पहिल्या पंगतीत मांडविली, आणि जेवणाच्या वेळी दालनात खाँसाहेबांची ध्वनिमुद्रित सनई मंद आवाजात चालू होती. बहिणीचाही हट्ट पुरा झाला.

येथवरची गोष्ट घरची. पुढची बँकेशी संबंधित आहे. मानधन देताना प्रमुखांनी रोख मागितले. काही आठवड्यांनी तेच गृहस्थ नव्या वाद्यांसाठी कर्जाची चौकशी करावयास शाखेत आले. लग्नसराईत त्यांना उसंत नसते. परंतु पासबुकात त्या कमाईची एकही नोंद नव्हती. सगळा व्यवहार रोखीचा, पावती कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांचा समावेश आहे. त्यांत लग्नाचे दागिने घडविणारा सोनार आहे, कपडे शिवणारा शिंपी आहे, हार गुंफणारा माळी आहे. वाजविणारा मात्र नाही. मुद्रा योजनेचा मार्ग त्याला खुला आहे, शिशु गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्जही मिळू शकते; परंतु उत्पन्नाचा काही मागमूस कागदावर असेल, तर आमच्यासारख्या अधिकाऱ्याचे काम आणि त्याचे जीवन दोन्ही सुकर होतात. मी त्यांना रोख रक्कम दिली होती, याची त्या दिवशी मला खंत वाटली. वादकाचे मानधन त्याच्या खात्यात जमा करणे, ही आपण ग्राहकांनी सहज करावी अशी गोष्ट आहे. विसार दिला तरी तोही खात्यातच द्यावा आणि कशाबद्दल दिला ते दोन शब्दांत लिहावे.

माझे मत थोडक्यात असे. संपूर्ण दिवस प्रत्यक्ष वादन ठेवण्याचा अट्टहास नको. तो परवडत नाही आणि वादकही थकतात. पाहुण्यांच्या स्वागताला आणि भोजनाला ध्वनिमुद्रित संगीत खुशाल लावावे. मात्र आवाज एवढा असावा की शेजारच्या माणसाशी बोलता यावे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, याचेही भान ठेवावे. मुहूर्ताच्या तासाभरासाठी मात्र माणसे बोलवावीत. किती वेळ वाजवायचे, खूण कोण करणार, बसावयाचे कोठे आणि जेवावयाचे केव्हा, हे आधी ठरवावे. वादक मिळालेच नाहीत, तर निदान मंगलाष्टके घरच्या कोणीतरी म्हणावीत. तेही शक्य नसेल, तर ध्वनिमुद्रण आधी उतरवून, मोबाईलची सेवा बंद ठेवून, ते एकाच जबाबदार व्यक्तीच्या हाती सोपवावे.

बहिणीच्या लग्नाचा हिशेब मी सवयीप्रमाणे वहीत लिहिला आहे. वाद्यांचा खर्च फुलांच्या सजावटीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी भरला. फुले दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांनी गोळा करून नेली. आत्या थांबली ते अर्धे मिनिट आणि त्या वेळी कोणीही घाई केली नाही, ही गोष्ट घरात अजून निघते.