गॉलवेची उमेदवारी

उमेदवार वरून लादला गेला की कार्यकर्ता कुरकुरतो, आणि शिस्तीचे नाव निघताच गप्प बसतो. या मौनाची किंमत ज्यांना जाणून घ्यायची असेल त्यांनी पश्चिम आयर्लंडमधील गॉलवे या बंदराच्या शहराचा इतिहास पाहावा. ब्रिटिश पार्लमेंटातील हा शहरी मतदारसंघ १९१८ साली कायमचा मोडला. त्याची एक पोटनिवडणूक मात्र विसरता येण्यासारखी नाही.

१८८५ साली टी. पी. ओ'कॉनर येथून व लिव्हरपूलहून असे दोन्हीकडे निवडून आले. त्यांनी लिव्हरपूल राखले. रिकाम्या जागेवर आयरिश पक्षाचे नेते पार्नेल यांनी कॅप्टन ओ'शे यांना उभे केले. पक्षाबरोबर बसेन, वागेन आणि मत देईन, ही प्रत्येक उमेदवाराने घ्यावयाची प्रतिज्ञा घेण्यास या गृहस्थांनी साफ नकार दिला होता. पार्नेल यांचे श्रीमती ओ'शे यांच्याशी असलेले संबंध पक्षातील वरिष्ठांना ठाऊक होते, जनतेला नव्हते.

बिगर व हीली या दोन खासदारांनी गॉलवेत जाऊन उघड बंड केले आणि स्थानिक उमेदवार मायकेल लिंच यांचा पक्ष घेतला. तेव्हा फेब्रुवारी १८८६ मध्ये पार्नेल स्वतः तेथे पोहोचले. माझा उमेदवार पाडाल तर हातातोंडाशी आलेले स्वराज्य घालवाल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हीली नमले. बिगर नमले नाहीत. लिंच यांनी माघार घेतली, तरी मतदान झालेच: ओ'शे ९४२, लिंच ५४. माघार घेतलेल्या माणसाला मत देणाऱ्या त्या चोपन्न जणांविषयी मला आदर वाटतो.

पार्नेल सामान्य पुढारी नव्हते. जमीनदारांविरुद्ध कुळांना उभे करणारा आणि ८६ खासदारांना एका सूत्रात बांधणारा तो नेता होता. म्हणूनच त्यांचा शब्द मोडणे कठीण गेले. ८ जून १८८६ रोजी स्वराज्याचे विधेयक ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडले. ओ'शे मत न देताच सभागृहाबाहेर निघून गेले. त्यांच्या एका मताने विधेयक तरले नसते, हे खरे; पण ज्या कारणासाठी गॉलवेला मान तुकवावी लागली ते कारणच पोकळ ठरले.

ओ'शे यांनी जागा सोडली. मग गॉलवेने जॉन पिंकर्टन यांना निवडले. हे अल्स्टरचे प्रॉटेस्टंट शेतकरी, म्हणजे पुन्हा परगावचेच! तेव्हा तक्रार बाहेरच्या माणसाविरुद्ध नव्हती; प्रतिज्ञा नाकारणाऱ्याविरुद्ध होती.

डिसेंबर १८९० मध्ये घटस्फोटाच्या खटल्यानंतर पक्ष दुभंगला. गॉलवेत गिळलेला शब्द हीलींच्या तोंडून आता विखारी होऊन बाहेर पडला. ऑक्टोबर १८९१ मध्ये पार्नेल वारले. बिगर हे सारे पाहायला उरले नव्हते. फेब्रुवारी १८९० मध्येच त्यांचे निधन झाले होते.