जब्याच्या बहिणीचे पुढे काय झाले?

गेल्या वैशाखात, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून गावी परतल्या त्या सुमारास, वाशी तालुक्यातील एका गावी आम्ही काही कार्यकर्त्यांनी 'फँड्री' हा चित्रपट दाखविला. एका शिक्षकमित्राने प्रोजेक्टर मिळवून दिला होता आणि पडदा म्हणून देवळाच्या भिंतीवर धुतलेले धोतर ताणून बांधले होते. दोनदा वीज गेली, तरी माणसे शेवटपर्यंत बसून राहिली. डुकराच्या पाठलागाला पोरे प्रथम खदखदून हसली. मग शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि जब्याचे कुटुंब पाठलाग थांबवून जागच्या जागी ताठ उभे राहते, तेथे ते हसू विरले. चित्रपटानंतर चर्चा घ्यावयाची असा आमचा बेत होता. जातिव्यवस्थेविषयी चार शब्द बोलावयास मी उभा राहिलो, तोच मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "त्या पोराच्या बहिनीचं पुढं काय झालं? लगीन झालं का न्हाई?"

मला उत्तर देता आले नाही, कारण चित्रपटातच ते उत्तर नाही. 'फँड्री' जब्याची गोष्ट आहे. शाळेतील शालूवर जीव जडलेल्या, काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडणाऱ्या कैकाडी मुलाची. परंतु त्याचा बाप कचरू गावाची डुकरे पकडण्याचे काम अंगावर घेतो ते मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा म्हणून. जब्याची भर गावासमोर जी मानखंडना होते तिच्या मुळाशी बहिणीचा हुंडा आहे आणि ती बहीण मात्र पडद्याच्या कडेला उभी आहे. मी हा चित्रपट चार वेळा पाहिला आहे. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. कोयता घेऊन अर्धे आयुष्य फडात घालविलेल्या बाईला तो पहिल्याच वेळी पडला.

वयात येणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या घरादाराचे चित्र काढणारे स्वतंत्र बाण्याचे चित्रपट गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत लक्षणीय संख्येने निघाले. धाराशिव जिल्ह्यातील वाचकांनी ध्यानात घ्यावे की त्यांतील काही थेट आपल्या शिवेवर निपजले आहेत. 'फँड्री'चे नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. तो तालुका आपल्या परंड्याला लागून आहे. 'म्होरक्या'चे अमर देवकर आणि 'कस्तुरी'चे विनोद कांबळे हे दोघेही बार्शीचे. बार्शी म्हणजे आपली जुनी पेठ. निजामी अमलात मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या सरहद्दीपलीकडे त्याच भागात पडल्या होत्या. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सर्वांच्या पुढे चालण्याचे स्वप्न पाहणारा मेंढरे राखणारा पोर 'म्होरक्या'त आहे. 'कस्तुरी'तील चौदा वर्षांच्या गोपीला घरच्या सफाईकामात आणि शवविच्छेदनाच्या कामात हात घालावा लागतो; अंगाला चिकटलेला वास जावा म्हणून तो कस्तुरीच्या शोधात निघतो. दोन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पहिल्यास पासष्टाव्या आणि दुसऱ्यास सदुसष्टाव्या सोहळ्यात. अवर्षणाने आणि स्थलांतराने खंगलेल्या या पट्ट्याने देशाला असे चित्रपट द्यावेत याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो वाटावाही.

मात्र अभिमानापाशी थांबणे समाजवाद्याला परवडणारे नाही. हे चित्रपट ओळीने पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते. कुमारवय ही निसर्गाने सर्वांना सारखी वाटून दिलेली वस्तू नव्हे. शेतजमिनीप्रमाणे तिचीही वाटणी झालेली आहे. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी काढलेला 'शाळा' घ्या. काळ आणीबाणीचा आहे. नववीतला मुकुंद जोशी शिरोडकरच्या प्रेमात पडतो, मित्रांबरोबर अर्ध्या बांधकामाच्या इमारतीत बसून गप्पा छाटतो, त्याला मार बसतो, तो हरतो. परंतु त्याला संपूर्ण एक वर्ष मिळते. हरण्यासाठीसुद्धा वेळ लागतो, आणि तो वेळ त्याच्या बापाच्या पगाराने विकत घेतलेला असतो. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'तील चिन्मयचे वडील वारले आहेत, आईची बदली कोकणातल्या अनोळखी गावी झाली आहे. त्याचे दुःख खरे आहे, पण आईच्या सरकारी नोकरीमुळे त्याला ते दुःख सवडीने भोगता येते. जब्याला ही सवड नाही, आणि गोपीला तर मुळीच नाही. ज्या वयात मुकुंद मुलीकडे पाहावे कसे हे शिकतो, त्या वयात गोपी मढ्याजवळ उभे राहावयास शिकतो.

या प्रकाराची आपली परंपरा जुनी आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट ठरला. गुरुजींना तो पाहावयास मिळाला नाही. ते १९५० सालीच गेले होते. आपण समाजवाद्यांनी तीन पिढ्या त्या चित्रपटाने डोळे पुसले. त्यातही गोष्ट मुलाची आहे आणि आई आहे ती मुलाला घडविण्यासाठी. ही आई कोणे एके काळी स्वतः बारा-तेरा वर्षांची होती, तेव्हा तिला काय वाटत होते, हे विचारण्याचे आपणांस सुचले नाही. (गुरुजींना सुचले असते, असे मला वाटते.)

आता फडाकडे वळू. ऊसतोडीत मजुरीची मोजदाद माणशी होत नाही. ती कोयत्यावर होते, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून मिळणारी उचल जोडीला मिळते. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धीच. दिवाळीच्या सुमारास कळंब, भूम, वाशी या भागांतून टोळ्या निघतात तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या बापापुढे दोन वाटा असतात. तिला म्हाताऱ्या आजीजवळ गावी ठेवावे, तर रात्रंदिवस जिवाला घोर. संगे न्यावे, तर कोपीत पाच-सहा महिने तिला आडोसा कोठे? तिसरी वाट लग्नाची. त्यात मुलीची जबाबदारी उतरते आणि सासरी एक कोयता पुरा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झाली होती. मराठवाड्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाण याहून बरेच अधिक आहे. शेजारच्या बीडमध्ये ते चाळीस टक्क्यांच्या वर गेलेले आढळले. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ सालचा आहे, ग्रामपंचायत अधिकारी हा त्याखालील अधिकारी आहे, आणि लग्नपत्रिका त्याच्याही घरी येते. २०२३ साली आपल्या जिल्ह्याचे नाव बदलले, त्यासाठी केवढी आंदोलने झाली. या मुलींचे आडनाव दरसाल सातवी-आठवीत बदलते, त्यासाठी एखादा मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. आपणही काढलेला नाही.

अशा मुलीच्या कुमारवयावर चित्रपट काढावयाचा तर दिग्दर्शकाची अडचण होते, हे मान्य केले पाहिजे. जब्याजवळ निदान भटकावयास रान आहे, एक मित्र आहे, लपूनछपून पाहावयास शालू आहे. मुलीची भटकंती पाळी आल्या दिवशी थांबते. न्हाणे आणि हळद यांच्यामध्ये कित्येकदा एक हंगामही जात नाही. तरी प्रयत्न झाले आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी १९९५ साली 'दोघी' काढला. लग्नाच्याच दिवशी अपघात होऊन वऱ्हाडासह नवरदेव जातो, दोष मुलीच्या पायगुणाला लागतो, घर चालावे म्हणून तिला मुंबईला धाडले जाते, आणि तिच्या पैशावर धाकटीचे लग्न ठरते तेव्हा तीच घराला नकोशी होते. तीस वर्षांपूर्वीचा हा चित्रपट आजही अंगावर येतो. अगदी अलीकडचा जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात घडतो. शिकून परीक्षा देऊ पाहणारी सविता दर काही दिवसांनी पाहुण्यांपुढे पाटावर बसते, उंची आणि रंग सांगते, आणि तिच्या बापाच्या कापसाला भाव नाही म्हणून तिच्या लग्नाचे गणित जुळत नाही. कापसाचा भाव आणि मुलीचा रंग एकाच व्यवहारात तोलले जातात हे इतक्या शांतपणे दाखविणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली तो गौरविला गेला. मराठी प्रेक्षकाला चित्रपटगृहात तो पाहावयास मिळाला मार्च २०२५ मध्ये.

येथे दुसरा प्रश्न निघतो. 'म्होरक्या'ला पुरस्कार जाहीर झाला २०१८ साली, तो प्रदर्शित झाला २०२० साली. 'कस्तुरी'चा पुरस्कार २०२१ च्या मार्चमध्ये जाहीर झाला आणि प्रदर्शन २०२३ च्या डिसेंबरात. तेही शहरांतील मोजक्या पडद्यांवर, दिवसाकाठी एखाद्या खेळापुरते. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ देण्याचा नियम सरकारने २०१५ साली केला. परंतु लोहारा, परंडा, वाशी येथे मल्टिप्लेक्सच नाही, तेथे त्या नियमाचे काय करावे? जत्रेतले तंबू गेले, तालुक्याच्या टॉकीज बंद पडल्या. मेंढपाळ पोराचा चित्रपट बर्लिन-टोरांटोला जाऊ शकतो, मेंढपाळ पोराच्या वाडीवर जाऊ शकत नाही. मोबाईलवर सर्व काही मिळते असे सांगणाऱ्यांनी एवढे पाहावे की त्या घरात मोबाईल कोणाच्या खिशात असतो. बहिणीच्या नक्कीच नाही.

माझी सूचना साधी आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते, म्हणजे जनतेचा पैसा त्यांत असतो. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाच्या करारात अशी अट असावी की प्रदर्शनानंतर दोन वर्षांनी शाळा, वसतिगृहे आणि ग्रंथालये यांना तो विनामूल्य दाखविण्याचा हक्क राहील. निर्मात्याचे यात फारसे बुडत नाही. दोन वर्षांनंतर अशा चित्रपटाचे गल्ल्यावर काय उरलेले असते हे त्यालाच ठाऊक आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृहांची योजना मंजूर केली, तीत निम्मी वसतिगृहे मुलींची आहेत आणि आपला जिल्हाही आहे. ती वसतिगृहे नीट चालावीत हा आग्रह तर आपण धरलाच पाहिजे. तेथे महिन्याला एक चित्रपट दाखविला जावा आणि त्याचा खर्च जिल्हा नियोजन समितीने उचलावा, हाही धरावा.

पीकविमा, पाणी, हमीभाव हे प्रश्न पडले असता चित्रपटांचे हे खूळ कशाला, असे काही साथी म्हणतील. सेवादलाचे कलापथक गावोगाव हिंडत होते तेव्हाही हा आक्षेप घेतला जात होता. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके त्या पथकातून पुढे आले हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो. पण ते पथक आज आपल्यापाशी नाही, हे सांगण्याचे टाळतो. ते बंद पडले तेव्हा त्याची जागा दूरचित्रवाणीच्या मालिकांनी आणि बुवाबाजीच्या सप्ताहांनी भरून काढली. रिकामी ती राहिली नाही.

यंदा टोळ्या निघण्यापूर्वी 'दोघी' आणि 'स्थळ' हे दोन्ही चित्रपट त्याच गावी दाखवावयाचे ठरले आहे. निर्मात्यांच्या परवानगीसाठी पत्रव्यवहार चालू आहे. प्रोजेक्टर शिक्षकमित्राचाच. पडद्यासाठी मात्र नवे कापड घ्यावे लागेल, धोतर फाटले. खेळ दुपारी, बंद खोलीत, फक्त बायकामुलींसाठी ठेवावा असे त्या बाईंचे म्हणणे पडले. रात्री देवळापुढे पुरुष बसले म्हणजे मुली बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले आहे, आणि चार शब्द बोलण्याचा माझा कार्यक्रम रद्द झाला आहे.