उपस्थात्याची विश्रांती

चिकित्सेच्या चार पादांत भिषक्, द्रव्य आणि रोगी यांच्या बरोबरीने चरकसंहितेने उपस्थाता मोजला, आणि त्याच्या ठिकाणी उपचारज्ञता, दाक्ष्य, शौच व रुग्णाविषयी अनुराग हे गुण अपेक्षिले. यांपैकी इतर तीन गुण सरावाने अंगी बाणवता येतात. अनुराग मात्र शिकवून येत नाही, आणि थकलेल्या देहात तो टिकतही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंदवडीसारख्या मावळातील गावी वैद्याचा परिवार तो केवढा? एखादा कंपाउंडर, फार तर दोन पंचकर्म सेवक. वमनाचा रुग्ण असला की सेवकाचा दिवस सकाळी कफकाळीच सुरू होतो. पुढे अभ्यंग, वाफेने कोंदलेल्या खोलीतील स्वेदन, आणि सायंकाळी कारखान्यांतील पाळी संपवून येणाऱ्या रुग्णांची रीघ. रात्री त्या रुग्णांना आपण निद्रेचे महत्त्व विशद करीत असतो, तेव्हा पडद्याआड आपलाच कंपाउंडर पेंगत पुड्या बांधीत असतो!

औषधनिर्मितीत हानी अधिक उघडपणे दिसते. तैलपाकात फेस येणे, घृतपाकात तो शमणे, कल्काची वात वळणे ही लक्षणे शिणलेल्या डोळ्यांना वेळेवर दिसत नाहीत आणि मध्यम पाकाचा खरपाक होतो. दोष कामगाराच्या माथी येतो. परंतु त्याला दिवसभर कढईपुढे बसविले कोणी, हे कोणी विचारीत नाही. दिवाळीच्या बोनसने ही झीज भरून निघेल, ही समजूत आम्हांस भाबडी वाटते. ग्रीष्माखेरीज दिवास्वाप सामान्यतः निषिद्ध मानणाऱ्या चरकानेही श्रम, भारवहन व प्रवास यांनी क्लांत झालेल्यांस तो सर्व ऋतूंत विहित सांगितला, हे येथे स्मरावे.

साप्ताहिक सुट्टी आपल्याकडे सहजी आलेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुट्टी व दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. मालकांनी रविवार मान्य केला तो 10 जून 1890 रोजी. दुकाने व आस्थापनांसंबंधीच्या 2017 च्या कायद्याने राज्यातील दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवण्यास मोकळीक दिली, तशीच कामगाराची साप्ताहिक सुट्टीही राखली. मात्र लहान आस्थापनांना त्यातील बहुतेक तरतुदी लागू नाहीत. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या सेवकांची विश्रांती आपल्या विवेकावरच अवलंबून आहे.

एकच माणूस असताना सुट्टी द्यावी कशी, ही अडचण खरी आहे. त्यावर आमचे सांगणे इतकेच की, वार आधी ठरवावा, फलकावर लिहावा आणि त्या दिवशी पंचकर्म ठेवू नये. ‘काम नसेल तेव्हा जा’ ही सुट्टी नव्हे; तिची वाट पाहण्यातच माणूस शिणतो. सुट्टीच्या दिवशी ‘फक्त किल्ली कुठे आहे’ असे विचारण्यासाठी केलेला दूरध्वनीही टाळावा.

मावळात भातलावणीच्या दिवसांत सेवक रजा मागतात आणि आपण ती देतोही. परंतु दिवसभर चिखलात वाकून केलेल्या लावणीस विश्रांती समजून रजेच्या हिशेबात धरू नये. लावणी आटोपल्यावर निदान दोन दिवस त्यास घरी राहू द्यावे, आणि त्यांचा पगार कापू नये.