पळते हरीण, फिरती बंदूक

थंडीचे दिवस आले की आपल्या मॉरिशस बेटावर हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. 1639 साली डचांनी जावाहून आणलेल्या हरणांचीच ही प्रजा. ब्लॅक रिव्हरकडे शिकारीची मोठी राने आहेत आणि आपल्या मराठी माणसांची जुनी वस्तीही तिकडेच. बंदूक मचाणावरच्या पाहुण्याच्या हाती असते. हाका घालत झाडीत शिरतात ती आसपासच्या गावांतली माणसे. तेव्हा हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाही.

उभ्या हरणामागे काय आहे ते शिकाऱ्याला दिसते. हरीण पळू लागले की नजर त्याला चिकटते, नळी नजरेमागे फिरते आणि शेजारचे मचाण केव्हा नेमात आले ते कळत नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाचे जनावर एका सेकंदात 11 मीटर जाते. 11 फेब्रुवारी 2006 रोजी टेक्सासमध्ये अमेरिकेचे उपराष्ट्रपती डिक चेनी उडत्या पक्ष्यामागे असेच वळले आणि छर्रे लागले 78 वर्षांच्या सोबत्याला. तो वाचला, कारण ते छर्रे होते. रायफलीची गोळी तीन किलोमीटरहून पुढे जाऊ शकते, आणि आपले बेट रुंदीला जेमतेम 45 किलोमीटर!

मचाणावरून मारलेली गोळी जमिनीतच रुतते, असे पुष्कळांना वाटते. जवळच्या हरणाबाबत ते खरे. पण बंदूक 4 मीटर उंच आणि हरीण 100 मीटरवर असेल, तर गोळी जवळजवळ आडवीच जाते. त्यात आपली जमीन दगडाळ. दगडावर आपटलेली गोळी कुठे वळेल याचा नेम नाही.

फ्रान्समध्ये यावर एक सोपा उपाय शिकवतात. आम्हा मास्तर लोकांना तो विशेष आवडला. आपल्या जागेवरून शेजाऱ्याच्या दिशेने 5 पावले चालायचे, तिथून काटकोनात 3 पावले, आणि खूण रोवायची. आपली जागा व खूण जोडली की सुमारे 30 अंशांचा कोन होतो; दोन्ही बाजूंच्या त्या कोनांत बार काढायचा नाही. 2019 च्या कायद्याने तिथे हाक्याच्या शिकारीत चमकदार जाकीट सक्तीचे झाले, दर दहा वर्षांनी सुरक्षेची उजळणीही. तरीही 2022-23 च्या हंगामात 78 अपघात झाले, 6 माणसे गेली.

आमच्या मते जाकिटांचा खर्च रानाच्या मालकाने करावा, आणि खुणा पहिल्या हाक्याआधी रोवलेल्या असाव्यात. हाकारे मचाणांच्या टप्प्यात आले की भोंगा वाजावा. त्यानंतर झाडीच्या दिशेने एकही बार नाही, समोरून कितीही मोठ्या शिंगांचा नर धावत येवो.